नऊ शून्यं

आमच्या वॉर्डात तिला सगळे स्टूलबाई म्हणत. तोंडावर सिस्टर, पाठीमागे स्टूलबाई. मी ताई म्हणायचे. मी नवी लागले तेव्हा पहिली सुई तिनेच मला टोचायला लावली होती, तीही स्वतःच्या दंडात.

तिची सवयच होती. पेशंटशी बोलायचं तर आधी स्टूल ओढायचं, खाटेजवळ बसायचं, मग तोंड उघडायचं. उभ्याने विचारलेल्या प्रश्नाला माणूस आडवं उत्तर देतो, असं ती म्हणायची. एखाद्या बाईचं अंग पुसायचं असेल तर कुठून सुरुवात करू, जवळ कोण असलेलं चालेल, हे ती त्या बाईलाच विचारायची. एका आजोबांना भिंतीकडे तोंड केल्याशिवाय झोप येत नव्हती, तर ऑपरेशनची कूस सांभाळून हिने अख्खी खाटच उलटी फिरवून घेतली. बत्तीस खाटा, तिघी नर्सेस, आणि ही एकेकाचे लाड पुरवत बसणार. मी एकदा वैतागून म्हटलंसुद्धा, की ताई, आपण दवाखाना चालवतो, माहेर नाही. तिने ऐकून घेतलं आणि स्टूल घेऊन पुढच्या खाटेकडे गेली.

मग वरून तपासणी येणार असल्याचं कळलं आणि मेट्रनबाईंच्या अंगात आलं. बसलेल्या नर्सेस कामचुकार दिसतात म्हणून वॉर्डातली सगळी स्टुलं अडगळीच्या खोलीत गेली. त्याऐवजी प्रत्येक खाटेला एक छापील तक्ता लागला. दुखणं किती, शून्य ते दहा, दिवसातून तीनदा विचारून आकडा लिहायचा. चारच्या वर गेला तर दुखणं थांबवायचं इंजेक्शन, नाही तर नाही. ताई दोन दिवस मेट्रनबाईंशी भांडली. पालथ्या घड्यावर पाणी. तिसऱ्या दिवसापासून तीही आमच्यासारखी खाटेच्या पायथ्याशी उभी राहून आकडे विचारायला लागली.

त्याच आठवड्यात मिस्त्री आला. साठी उलटलेला गवंडी, परांचीवरून पडून खुबा मोडलेला. ऑपरेशन नीट झालं होतं. सोबत एकुलती एक लेक, सातवा महिना लागलेली, दिवसभर बापाच्या उशाशी. मी पायथ्याशी उभी राहून विचारायचे, मिस्त्री, किती दुखतंय? तो लेकीकडे एकदा बघायचा आणि म्हणायचा, शून्य. मी लिहायचे शून्य. ताईही लिहायची शून्य. गुणी पेशंट म्हणून मला बरंच वाटलं होतं.

पण तो उभा राहीना. खुब्याच्या ऑपरेशननंतर म्हातारा माणूस पडून राहिला की छाती भरते, पाठीला जखमा होतात आणि मग तो कायमचाच अंथरुणाला खिळतो. व्यायाम शिकवणारे सर आले की मिस्त्री पाय ताठ करायचा आणि तोंड फिरवायचा. सर चिडले, डॉक्टर चिडले, मीही चिडले. दुखत नाही म्हणतोस, मग उठायला काय धाड भरली आहे? चौथ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी सांगून टाकलं की उद्यापर्यंत उभा राहिला नाही तर ‘सहकार्य करत नाही’ असं लिहून घरी पाठवू, खाट अडवून ठेवता येणार नाही. घर दुसऱ्या मजल्यावर, सांभाळायला ती पोटुशी पोर. तिथे त्याचं काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको होता.

दुपारी ताई त्याची चादर बदलायला गेली आणि तिने मला हाक मारली. गादीच्या कडेला, जिथे त्याचा उजवा हात असायचा तिथे, रेक्झिन फाटलं होतं. आत बोटं रुतून कापूस बाहेर आला होता.

ताई लेकीला म्हणाली, जा, बाहेरच्या बाकावर जरा पाय पसरून बस, मी आहे इथे. मग तरातरा अडगळीच्या खोलीत गेली, मेट्रनबाईंच्या दारावरून स्टूल घेऊन आली, पडदा ओढला आणि बसली. मी चादर धरून तिथेच उभी.

“मिस्त्री, पोरगी बाहेर आहे. आता सांगा, किती दुखतंय?”

त्याने छताकडे बघतच विचारलं, “किती म्हटलं तर चालेल?”

“असेल तेवढं.”

“पहिल्या दिवशी मी नुसता कण्हलो, तर तिने रात्रभर पाठ टेकली नाही. घास घेतला नाही. तिची आई बाळंतपणात गेली, बाई. आता हिच्यासमोर मी काय आकडे सांगू?” त्याने डोळे मिटले. “दहाच्या पुढे आहे का काही तुमच्याकडे?”

इंजेक्शन दिलं. तासाभराने मिस्त्री वॉकर धरून उभा राहिला आणि आठ पावलं चालला. डॉक्टरांनी घरी पाठवायचं रद्द केलं. मला आनंद व्हायला हवा होता, पण नुसती चीड येत होती, त्या तक्त्याची, मेट्रनबाईंची, माझी स्वतःची. एका माणसाने तीन दिवस गादी फाडली आणि आम्ही दोघी शिकल्यासवरलेल्या बाया त्याच्या लेकीसमोर त्याला आकडा विचारत होतो.

संध्याकाळी मेट्रनबाईंनी तक्ता पाहिला. नऊ शून्यं आणि मग एकदम दहा, तपासणीत हे कसं दिसेल? ‘दुखणं आजपासून सुरू झालं’ असं लिहा, म्हणजे मिटलं, असं त्यांचं म्हणणं. ताईने पेन घेतलं आणि लिहिलं, ‘दुखणं पहिल्या दिवसापासून होतं. आम्ही मुलीसमोर विचारलं म्हणून त्यांनी सांगितलं नाही. नऊही नोंदी चुकीच्या आहेत.’ मग ‘आम्ही’ खोडून ‘मी’ केलं आणि खाली सही केली.

नऊपैकी सहा शून्यं माझ्या हातची होती. ताईला केबिनमध्ये बोलावलं तेव्हा मी चार पावलांवर सलाइनची बाटली बदलत होते. ती बाटली मी किती सावकाश बदलली ते माझं मला माहीत. ताईची बदली कपड्यांच्या कोठारात झाली, चादरी आणि उशांचे अभ्रे मोजायला. तेवीस वर्षं माणसांशी बोललेली बाई. तिने मला एका शब्दाने विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर बरं झालं असतं.

आठव्या दिवशी मिस्त्री स्वतःच्या पायांनी घरी निघाला. जिन्याच्या तोंडाशी लेक थांबली आणि हळूच मला म्हणाली, “सिस्टर, खरं सांगा. ते पहिले तीन दिवस बाबांना दुखत नव्हतं ना?”

मिस्त्री पलीकडून माझ्याकडे बघत होता.

“नव्हतं,” मी म्हटलं.

त्याने मान हलवली, बरं केलंत अशी. पोरगी सैलावली, बापाचा हात धरून जिना उतरायला लागली. मी त्याचा शब्द राखला की स्वतःची कातडी वाचवली, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.