लीदाने परत केलेलं पातेलं

लीदा नाइहाउस आणि मी नन्सच्या शाळेत एका बाकावर बसायचो. पुढे ती सूतगिरणीत लागली, लग्न झालं आणि माझी शेजारीण झाली. बोलणं कमी, पण मनाला काही लागलं की भांडी घासायला काढायची. घरातली पोरं त्यावरूनच तिचा मूड ओळखत. १९४५च्या उन्हाळ्यात ती रोज परसात बसून एकच पातेलं घासत होती.

ते पातेलं रोझा फान खेल्डरचं. आमच्याच गल्लीतलं हे ज्यू कुटुंब, गुरांचा व्यापार होता त्यांचा. जर्मनांनी तिच्या नवऱ्याला नेलं. रोझा मुलीला घेऊन एका शेतकऱ्याच्या माळ्यावर लपली, आणि मागे त्यांनी तिचं घर लुटून सामानाचा लिलाव केला. लीदाच्या नवऱ्याने, हर्मानने, तिथून भिंतीवरचं घड्याळ, पिसांची गादी आणि हे तांब्याचं पातेलं आणलं. घड्याळाला लीदाने कधी चावी दिली नाही. पातेलं मात्र वापरात आलं.

लढाई संपल्यावर रोझा आणि तिची मुलगी एली परतल्या. नवरा परतला नाही. दोघी पाववाल्याच्या वरच्या खोलीत राहू लागल्या.

"सगळं परत द्यायचं," लीदा म्हणाली.

"मी रोख पैसे मोजलेत!" हर्मान.

"कुणाला? चोरालाच ना? मग जा, त्याच्याकडून परत माग."

हर्मान उठून बाहेर गेला. थोड्या वेळाने हातगाडी घेऊन आला.

पण लीदाचा पाय निघेना. "घड्याळाचं काही नाही गं," ती मला म्हणाली, "पण हे तिच्या आईचं पातेलं. दर शुक्रवारी यात सूप व्हायचं. त्यांच्यात डुक्कर निषिद्ध, आणि मी यात डुकराचं मांस घालून वाटाणे शिजवले! तिने घेतलं नाही, तर मी तिला काय परत दिलं?"

शेवटी मी सोबत गेले. घड्याळ आणि गादी वर चढली. रोझाने घड्याळाच्या लाकडावरून हात फिरवला. मग लीदाने पातेल्यावरचं फडकं काढलं.

"हे बाटलंय, रोझा. डुक्कर शिजलंय यात. मी खूप घासलं. आणि..." ती लालबुंद झाली, "चर्चमधलं पवित्र पाणी शिंपडलं. तीनदा."

मला वाटलं, आता ही दार लावून घेणार. रोझाने आधी पातेल्याकडे, मग लीदाकडे पाहिलं. मग तिचे ओठ थरथरले, आणि ती चक्क जिन्याच्या पायरीवर बसून हसायला लागली.

"तीनदा? अगं बाई, म्हणजे आता ते कॅथलिकही झालं की!"

एली धावत बाहेर आली. आईला असं हसताना तिने बऱ्याच दिवसांत पाहिलं नसावं.

"मग आता त्याचं काहीच होणार नाही?" लीदाने विचारलं.

"होतं की. पाणी पवित्र नको, उकळतं हवं. एक दिवस न वापरता तसंच ठेवायचं, मग काठोकाठ भरून उकळायचं आणि तापवून लाल केलेला दगड आत टाकायचा. पाणी चहूबाजूंनी उतू गेलं पाहिजे."

"कोबी आंबवायच्या पिंपात दाबायला ठेवतो, तो दगड आहे माझ्याकडे."

"त्याच्यावर शिंपडलं नाहीस ना काही?"

"नाही गं!"

दुसऱ्या दिवशी लीदाच्या परसात, कपडे उकळायच्या चुलीवर, ते पातेलं चढलं. हर्मानने चिमट्याने दगड सोडला. पाणी फुसफुसत काठावरून सांडलं, हर्मानचे बूट भिजले, आणि रोझा ओरडली, "अजून इकडून! इकडून सांडू दे!" मग तिने गार पाण्याने ते धुतलं, उन्हाकडे धरून आतली कल्हई निरखली आणि काखेत घेऊन घरी गेली.

शुक्रवारी पाववाल्याच्या जिन्यावरून कोंबडीच्या सुपाचा वास खाली गल्लीत आला. लीदा माझ्या दारात उभी होती. दीर्घ श्वास घेऊन म्हणाली, "शिजवलं तिने."

त्या संध्याकाळी नाइहाउसांच्या घरात जेवणाची भांडी खरकटीच राहिली. लीदा खुशाल झोपून गेली होती.