वीणावाल्या बाईंची मोठी रेकॉर्ड

नव्वदच्या दशकात नागभीडच्या आसपास एका विलायती गिटारवाल्याच्या रेकॉर्डवर जेवढी माणसं नाचली, तेवढी त्याच्या स्वतःच्या देशातही नाचली नसतील. मुळात ती नाचायची गाणी नव्हतीच. त्यातून आम्ही सगळे त्याला बाई समजत होतो. एक-दोन दिवस नाही, सात-आठ वर्षं.

माझ्या बाबांचं लाऊडस्पीकरचं काम होतं. लग्न, बारसं, चौदा एप्रिल, दिवाळीनंतरची मंडईची जत्रा, कुठंही आवाज पाहिजे असला की बाबांना बोलावणं यायचं. दोन भोंगे, एक अँप्लिफायर, कॅसेटचं डेक आणि एक जुनं रेकॉर्ड प्लेअर एवढा त्यांचा पसारा. सगळीकडे कॅसेटी आल्या होत्या, तरी बाबांनी प्लेअर सोडलं नव्हतं. त्यांच्याकडच्या सगळ्या रेकॉर्डी लहान, बशीपेक्षा जरा मोठ्या, दोन-दोन गाण्यांच्या. प्लेअरला वेग बदलायचा एक खटका होता. बैलगाडीत, एसटीच्या टपावर सामान आदळायचं आणि तो खटका सरकायचा. म्हणून बाबांनी तो लहान रेकॉर्डींच्या वेगावर ठेवून वरून काळी टेप गुंडाळली होती. टेपेखाली वेगांचे आकडे आहेत, हे मला तर माहीतच नव्हतं.

मी सातवीत असताना बाबा बल्लारपूरकडच्या एका कॉलनीत निरोप समारंभाला भोंगे घेऊन गेले. निरोप होता तो एका मद्रासकडच्या साहेबांचा. जाताना साहेबांनी बाबांना एक मोठी रेकॉर्ड दिली. त्यांचं मशीन कधीच बिघडलं होतं, आणि तिकडे कोण नेणार हे ओझं? बाबांनी ती छातीशी धरून घरी आणली. ताटाएवढी! आम्ही एवढी मोठी रेकॉर्ड पहिल्यांदा पाहत होतो.

कव्हरवर एक बाई मांडी घालून बसल्या होत्या. जरीकाठाची रेशमी साडी, केसांत भरगच्च गजरा, नाकात दोन्हीकडे चमकी आणि मांडीवर वीणा. खाली अक्षरं होती ती आम्हाला न येणाऱ्या लिपीत. रेकॉर्डच्या मधल्या गोल कागदावर कुठल्याशा क्लबानं आपला नंबर टाकलेली चिठ्ठी चिकटवली होती, दोन्ही बाजूंना. त्यामुळे वाचायला दुसरं काहीच नव्हतं.

बाबांनी सुई टेकवली. माय तेव्हा अंगण सारवून आत आली होती, हात शेणाचे तसेच. आधी एक बारीक, लखलखीत आवाज वरवर चढत गेला, मग खाली घसरला, मग टणाटण टणाटण सुरू झालं, आणि त्यावर एका बाईचा चिरका, घाईघाईचा आवाज. माय जागची हलेना.

"अजी, हे बाई रडून राह्यली का हासून राह्यली?"

"वीना हाये ते," बाबा म्हणाले. "दक्षिनेकडं असंच वाजवतेत."

"अन् भाषा कोन्ती म्हनते?"

"तेलगू असंल."

मी कान देऊन ऐकत होते. सातवीच्या इंग्रजीच्या जोरावर मला दोन शब्द सापडले. "बाबा, इंग्रजी आहे हे! 'रोड' म्हणाल्या त्या. आणि आत्ता 'नाईट' म्हणाल्या."

बाबांनी कव्हरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मंग शिकलेली असंल बाई."

बस्स. त्या दिवसापासून मायच्या मनात त्या बाईंची जागा पक्की झाली. शिकलेली, वीणा वाजवणारी, इंग्रजीत गाणारी, एवढा गजरा माळणारी! माय कामाला लागायच्या आधी मला सांगायची, "जा, बाईले लाव." पहिल्या गाण्यात भांडी, दुसऱ्यात झाडणं. तिसऱ्यात तांदूळ निवडताना मायचे हात इतक्या जोरात चालायचे की खड्यांबरोबर तांदूळही उडायचे. चौथ्या गाण्यात बाई गायच्याच नाहीत, नुसती वीणा. ती वीणा अशी काही पळायची की माय सूप खाली ठेवून बघत बसायची, जणू प्लेअरमध्ये काही दिसणार आहे. "बोटं जळत नसतीन का वो हिची?" ती म्हणायची.

मायला शब्द येत नव्हते, पण ती गायची. तिची तिची एक भाषा तयार झाली होती. मी आणि ती दोघी स्वयंपाकघरात तोंडाला येईल ते इंग्रजी गात फिरायचो, पदर-ओढण्या उडवत, आणि बाबा दारात उभे राहून डोक्याला हात लावायचे.

ती रेकॉर्ड घराबाहेर पडली ती एका हळदीमुळे. तळोधीच्या अलीकडे एका गावात मासेमारी करणाऱ्यांच्या घरचं लग्न होतं. मांडव तलावाच्या पारीलगत, म्हणजे बांधाला लागूनच. बाबांबरोबर मी आणि मायही गेलो होतो, कारण नवरी मायच्या ओळखीतली. हळद ऐन रंगात आली आणि डेकनं कॅसेट खाल्ली. बाबांनी टेप ओढून काढली तर हातभर गुंता. दुसरी लावली, तीही खाल्ली. मांडवात शांतता. नवरीचा मामा बाबांजवळ आला.

"काऊन बंद झालं भाऊ? बाया उभ्या हायेत ना!"

प्लेअर बाबांनी सोबत आणलं होतं, पण लहान रेकॉर्डींची पेटी घरी राहिली होती. मायच्या पिशवीत मात्र ती मोठी होती. का होती? नवरीला बाईंचा फोटो दाखवायचा होता म्हणून! मायनं ती काढून पुढे केली.

"हे?" बाबा म्हणाले. "हळदीले?"

"लावा तं खरं."

बाबांनी माईक हातात घेतला. त्यांना घाम फुटला होता, पण आवाज काढला तो रुबाबदार. "आता ऐका! खास दक्षिनेतून आलेल्या, सुप्रसिद्ध, वीनावाल्या बाई!" आणि सुई टेकवली.

पहिली दोन मिनिटं सगळ्या बायका एकमेकींकडे पाहत राहिल्या. मग नवरीच्या आजीनं, जिच्या तोंडात एकही दात नव्हता, दोन्ही हात वर केले आणि जागच्या जागी गिरकी घेतली. झालं! अख्खा मांडव उठला. हळदीनं पिवळ्या झालेल्या बाया, जाळी वाळत घालून आलेले पुरुष, पोरं, पाहुणे, सगळे पारीवर नाचत सुटले. भोंग्याचा आवाज पाण्यावरून पलीकडे जाऊन परत येत होता, त्यामुळे एकीच्या दोन बाई झाल्या होत्या. चौथ्या गाण्याला तर नवरदेवाकडून हळद घेऊन आलेल्या माणसानं रिकामं ताट डोक्यावर घेतलं आणि नाचता नाचता थेट तलावात उतरला. कंबरभर पाण्यात उभा राहून तो ओरडत होता, "आनखी! आनखी लावा बाईले!"

मग काय विचारता! बाबांकडे येणारा प्रत्येक जण भोंग्याच्या आधी विचारू लागला, "वीनावाल्या बाई हायेत ना?" सिंदेवाहीपासून ब्रह्मपुरीपर्यंत बाईंची कीर्ती पसरली. बाबांची घोषणाही दर लग्नाला वाढत गेली. आधी बाई सुप्रसिद्ध होत्या, मग जगप्रसिद्ध झाल्या, एकदा तर बाबांनी त्यांना डॉक्टर करून टाकलं.

पुढे मी बारावी करून शिकायला चंद्रपूरला आले. एका सुट्टीत बाबांनी ती रेकॉर्ड माझ्याकडे दिली. सुया मिळेनाशा झाल्या होत्या, रेकॉर्ड खरखरत होती. "कॅसेट भरून आन," ते म्हणाले. "बाई गेल्या तं माया धंदा गेला."

चंद्रपुरात एक कॅसेट भरून देणारं दुकान होतं. मालक पन्नाशीचे, केस मानेपर्यंत, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. मी कव्हर पुढे केलं. त्यांनी रेकॉर्ड बाहेर काढली, उजेडात धरली, फडक्यानं पुसली आणि आपल्या प्लेअरवर ठेवली.

स्पीकरमधून एक गडी माणूस गाऊ लागला. सावकाश, खालच्या पट्टीत, जरासा लाजल्यासारखा.

"भाऊ, ही आमची नाही," मी म्हणाले. "तुम्ही दुसरी लावली."

"तुमचीच आहे ताई. दुसरी आहे कुठे इथं?"

"आमच्या बाई आहेत. वीणा वाजवतात."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं, कव्हराकडे पाहिलं. मग ओला बोळा फिरवून त्यांनी मधली चिठ्ठी हळूच सोडवली. खाली एका पुरुषाचं इंग्रजी नाव होतं. ते वाचताच मालकांनी चष्मा काढला, परत घातला, आणि दुकानातल्या दुकानात एक फेरी मारली.

"ताई! हे तुमच्याकडे कुठून आलं? मी वीस वर्षं शोधतोय हे!"

त्यांनी मला स्टुलावर बसवून सगळं सांगितलं. कव्हर दुसऱ्याच कुठल्या रेकॉर्डचं होतं, आत भलतीच येऊन बसली होती. हा एका मोठ्या बँडमधला गिटारवाला. बँडमध्ये गायचा दुसराच, हा मागे उभा राहून वाजवायचा. मग एकदा ह्यानं एकट्यानं ही रेकॉर्ड काढली, आणि स्वतःच गायला. "गळा काही फार मोठा नाही," मालक म्हणाले, "पण बोटं ऐका."

"पण आमच्याकडे बाईच गातात हो," मी रडकुंडीला आले होते. "आणि खूप जोरात!"

मालक थांबले. "कोणत्या वेगावर लावता?"

"म्हणजे?"

त्यांनी आपल्या प्लेअरचा खटका पुढे सरकवला. आणि आमच्या बाई आल्या! तोच चिरका, घाईचा, लाडका आवाज. मी टाळ्याच वाजवल्या. मालकांनी खटका मागे घेतला, गडी माणूस आला. पुढे नेला, बाई. मागे, माणूस. पुढे, बाई. आम्ही दोघं अनोळखी माणसं त्या दुकानात इतकी हसलो की शेजारचा घड्याळवाला बघायला आला आणि काही न कळता तोही हसू लागला.

मी कॅसेट भरून घेतली. एका बाजूला बाई, दुसऱ्या बाजूला तो. मालक रेकॉर्ड विकत मागत होते, पण माझी छाती झाली नाही.

घरी पोचले तेव्हा माय कपड्यांच्या घड्या घालत होती. मी मुद्दाम आधी बाईंची बाजू लावली. माय खूश. खरखर कमी, आवाज मोकळा. ती गात गात घड्या घालू लागली. मग मी कॅसेट उलटली.

पुरुषाचा आवाज आल्याबरोबर मायनं झटकन पदर डोक्यावर घेतला. खरंच घेतला! घरात कोणी परका माणूस आला आणि आपण गात होतो, असं तिचं तोंड झालं होतं.

"कोन हाये हा?" बाबांनी विचारलं.

"बाबा, याच त्या बाई."

मी प्लेअरवरची काळी टेप काढून खटका दाखवला, मोठ्या रेकॉर्डीचा हळू वेगाचा आकडा दाखवला, चिठ्ठीखालचं नाव दाखवलं. बाबा खाटेवर बसले. त्यांच्या डोळ्यांसमोर सात-आठ वर्षांच्या घोषणा एकामागून एक येत असाव्यात, कारण ते पुटपुटत होते, "जगप्रसिद्ध... डॉक्टर..." आणि मग त्यांच्या पोटातून हसू निघालं. माय पदर तोंडात कोंबून हसत होती. बाबा खाटेवरून खाली उतरून भिंतीला टेकून हसत होते. कोणी थांबलं की दुसरं "वीनावाल्या बाई!" म्हणायचं आणि परत सुरू.

हसून दमल्यावर बाबा म्हणाले, "लाव आता त्याले. नीट आयकू दे."

आम्ही तिघांनी ती बाजू पहिल्यापासून ऐकली. मी तोवर त्याला फक्त मंद बाई समजून ऐकत होते. पण चौथं गाणं आलं आणि बाबांनी मान तिरकी केली, जशी ते भोंग्यात खोट शोधताना करायचे. "आयक," ते म्हणाले. "बोट तारीवरून सरकून राह्यलं, ते घासलेलं आयकू येते. अन् इथी, वाजवायच्या आधी त्यानं श्वास घेतला." जलद वेगात हे सगळं पुसलं गेलं होतं. त्या पळणाऱ्या वीणेच्या आत एक माणूस बसला होता आणि एकेक सूर विचार करून ठेवत होता.

"एकट्यानं काढली म्हनतेस ना?" बाबांनी विचारलं.

"हो."

"मंग बराबर हाये. एकट्यानं करताना मानूस असंच हळू करते."

माय मात्र पदर सावरत म्हणाली, "चांगला हाये बिचारा. पन याच्यावर तांदूळ निवडनं होत नाई."

पुढच्याच आठवड्यात मिंडाळ्याकडे एक लग्न होतं. आता बाबा काय सांगणार, म्हणून मी मुद्दाम सोबत गेले. हळदीला त्यांनी बाईंची बाजू लावली. घोषणेतला फक्त डॉक्टर गाळला, बाकी सगळं तसंच. गाव नेहमीसारखं नाचलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या पंगती बसल्या तेव्हा बाबांनी कॅसेट उलटली, माईक घेतला आणि घसा खाकरला.

"पाहुने मंडळी, सावकाश जेवा! काल आपन बाईंना ऐकलं. आज खास तुमच्यासाठी, त्याहिचे मोठे भाऊ!"

मी पाण्याचा जग घेऊन वाढत होते, माझ्या हातून अर्धं पाणी एका पाहुण्याच्या भातात गेलं. पण पंगत मन लावून ऐकत जेवत होती. भाताचे घास सावकाश होऊ लागले, वाढपी दबक्या आवाजात विचारू लागले. एक म्हातारी हातातला घास तसाच धरून भोंग्याकडे पाहत होती.

"पोरी," तिनं मला जवळ बोलावलं, "लय जीव लावून वाजवते. घरचं सारं बरं हाये ना त्याचं?"

"हो आजी, बरं आहे," मी म्हणाले.

"मंग एवढ्यात उठत नाई मी," ती म्हणाली, आणि पत्रावळ पुढे सरकवली. "वाढ आनखी थोडा भात."