माळ्यावरची बॅग

आई गेल्यावर बाबा नारायण पेठेतलं घर बंद करून हिंजवडीला माझ्याकडे आले, ते एक मोठी बॅग घेऊन. अर्धे कपडे त्यांनी बाहेर काढले, अर्धे तसेच ठेवले आणि बॅग बाथरूमवरच्या माळ्यावर चढवायला लावली. मुलीकडे पाहुण्यासारखं राहावं, कधीही निघता आलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. ती बॅग दिसली की रिकामी करून टाकावीशी वाटायची, पण बोलायची सोय नव्हती.

बाबांना आंघोळीला पाणी जवळजवळ उकळतंच लागतं. महिन्याभरात बाथरूमचं छत काळं पडलं. आमच्या बाथरूमला बाहेरची भिंतच नाही, म्हणून मी छतात एक्झॉस्ट फॅन बसवून घेतला. त्याचा पाइप माळ्यावरून बाहेरच्या भिंतीपर्यंत न्यायला हवा होता. पण भिंतीला भोक म्हणजे सोसायटीकडे अर्ज, मग मीटिंग, मग चर्चा. इलेक्ट्रिशियन म्हणाला, पाइप माळ्यावरच सोडू, वाफ जाईल कुठेतरी. मला ते लगेच पटलं.

बाबांची सगळी नोकरी कारखान्याच्या मेंटेनन्समध्ये गेलेली. त्यांनी उदबत्ती पेटवून फॅनच्या जाळीखाली धरली. धूर वर गेला.

"ओढतोय छान," ते म्हणाले. "टाकतो कुठे?"

"बाहेर," मी सांगून टाकलं.

पावसाळा संपेपर्यंत माळ्यावरून कुबट वास यायला लागला. मी नको नको म्हणत असताना बाबा शिडीवर चढले. पाइपाचं तोंड थेट त्यांच्या बॅगेवर होतं आणि बॅगेला आतबाहेर बुरशी आली होती.

"तुमच्याकडे याला बाहेर म्हणतात होय," ते शिडीवरूनच म्हणाले.

सोसायटीचा अर्ज मग त्यांनीच लिहिला, आकृतीसकट तीन पानी. तो वाचण्यापेक्षा परवानगी देणं कमिटीला सोपं वाटलं असावं. भोक पाडताना बाबा खुर्ची टाकून समोर बसले. पाइपाला बाहेरच्या बाजूला उतार हवा, नाहीतर थंड झालेल्या वाफेचं पाणी परत आंघोळ करणाऱ्याच्या डोक्यावर. बाहेरच्या तोंडाला झडप हवी, नाहीतर कबुतरं संसार थाटतील. दाराखाली बोटभर फट हवी, कारण आत हवा आली तरच ती बाहेर जाईल. इलेक्ट्रिशियन दुपारपर्यंत त्यांना सर म्हणायला लागला होता.

मी बॅगेतले कपडे दोनदा धुतले, इस्त्री करून आणले आणि न विचारता त्यांच्या कपाटात लावून टाकले. ते पुन्हा भरायला सांगतील, या धास्तीत माझा दिवस गेला.

संध्याकाळी त्यांनी कपाट उघडलं.

"बॅग कुठे आहे?"

"माळ्यावर. रिकामी."

त्यांनी कपाटाचं दार लावलं.

"पार मागे सरकव," ते म्हणाले. "पाइपाला लागायला नको. आता कुठे काढायची आहे ती."