किंवा तत्सम

केळव्यापासून तासाभराच्या अंतरावर राहून ज्याने नारळ मोबाइलवरून मागवला, असा पालघर तालुक्यातला पहिला माणूस मी. आमच्या भागात नारळ मागवावा लागत नाही. झाडाखाली उभं राहिलं की तो आपण होऊन येतो. डोकं तेवढं वेळेवर बाजूला घ्यावं लागतं.

मी मूळचा सांगलीकडचा. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं स्टोअरकीपर होतो. मागणीपत्रात प्रत्येक वस्तूपुढे 'किंवा तत्सम' असं लिहायची माझी पद्धत होती. अर्ध्या इंचाचा व्हॉल्व्ह किंवा तत्सम. रबरी हातमोजे किंवा तत्सम. या दोन शब्दांच्या जोरावर आमचा कारखाना एकतीस वर्षांत एकदाही बंद पडला नाही. (एकदा पडला होता. पण तेव्हा मी रजेवर होतो, असं मी अजूनही सांगतो.) मला मुलगी बघायला पाठवलं तेव्हाही मी वडिलांना 'हीच किंवा तत्सम' असं कळवलं होतं, असा माझ्या बायकोचा, सुमनचा, पक्का समज आहे.

निवृत्त झालो आणि वर्षभरातच आमच्या प्राजक्ताचं जमलं. मुलगा केळव्याचा, निनाद. वडील हरेश्वरभाऊ, नारळ-पोफळीची मोठी वाडी. माणूस शांत, बोलण्याआधी सुपारी कातरणारा. अडचण एकच होती, मुलाची आत्या. या बाईंनी भावाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "घाटावरची माणसं ती. आपली रीत त्यांना काय कळनार हाय?" आत्यांचा होकार अजून आलेला नव्हता, आणि त्या घरात आत्यांच्या होकाराशिवाय नारळसुद्धा खाली पडत नाही म्हणे.

साखरपुडा आमच्या बोईसरच्या घरी करायचा ठरला. हरेश्वरभाऊ म्हणाले, "सुपाऱ्या, नारळ, पानं आमी घेऊन येतो. घरचीच हायत."

आता इथे गप्प बसायला हवं होतं. पण आत्यांचं ते 'घाटावरची माणसं' माझ्या कानात घुमत होतं. मी ताठ बसलो आणि म्हणालो, "व्याहीबुवा, कार्य आमच्या दारात आहे. तुम्ही फक्त यायचं. एक सुपारीसुद्धा तुमच्याकडची लागणार नाही."

हरेश्वरभाऊंनी अडकित्ता थांबवून माझ्याकडे पाहिलं. "एकसुदा नाय?"

"एकसुद्धा नाही."

घरी आल्यावर सुमन म्हणाली, "दत्ताला सांगते. सगळं व्यवस्थित आणून देईल." दत्ता म्हणजे माझा मेहुणा. सफाळ्याला त्याचं किराणा दुकान आहे. त्याच्या दुकानात वस्तू मागितली की तो आधी विचारतो, "कशाला हवीय?" असल्या चौकस माणसाकडून मी खिळासुद्धा घेत नाही.

"एकतीस वर्षं मी अख्खा कारखाना पुरवला," मी म्हणालो, "एक साखरपुडा पुरवता येणार नाही?" आणि मोबाइल काढला.

किराणा घरपोच देणारं एक ॲप त्यात होतं. त्याचा पूर्वानुभव अगदीच वाईट नव्हता. पोहे मागवले होते तेव्हा कॉर्नफ्लेक्स आले होते. सुमनने त्याला कांदा-मोहरीची फोडणी दिली आणि लिंबू पिळून समोर ठेवलं. मी शेवटच्या घासापर्यंत खाल्लं आणि "वेगळं लागतंय" म्हणालो. निर्धार याला म्हणतात.

यादी केली. शेंडीचे नारळ पाच, विड्याची पानं पंचवीस, हळकुंडं, झेंडूची फुलं, पेढे, आणि मुख्य म्हणजे अखंड सुपाऱ्या. कारण आमच्याकडे काय आणि केळव्याकडे काय, चार माणसांसमोर सुपारी फोडली की लग्न पक्कं. बाकी अंगठ्या, केक, फोटो ही सगळी हौस. ऑर्डरच्या शेवटी ॲपने मला नम्रपणे एक प्रश्न विचारला: वस्तू उपलब्ध नसल्यास तिच्यासारखी दुसरी चालेल का?

माझे डोळे भरून आले. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या भाषेत बोलत होतं. मी सगळ्या वस्तूंपुढे 'होय' वर टिचकी मारली.

शनिवारी संध्याकाळी संदेश आला की एक वस्तू उपलब्ध नाही. वस्तू होती सुपारी. मी गॅलरीत जाऊन कंपनीला फोन लावला. फोनवर हिंदी, आणि माझी हिंदी कारखान्यातल्या मशिनांच्या आवाजात घडलेली, त्यामुळे ती नेहमी दोन मजले वर ऐकू जाते.

"देखो भाई, सुपारी का काम कल ग्यारह बजे के अंदर होना मंगता है. लडके का बाप आनेवाला है. उसके सामने फोडनी है. पूरी मंगता है, तुकडा करके मत भेजना!"

पलीकडचा म्हणाला, "सर, टेन्शन मत लो. सेम टू सेम आयेगा."

फोन ठेवला तेव्हा समोरच्या इमारतीतल्या तीन खिडक्या बंद झाल्या होत्या. आमचा वॉचमन त्यानंतर आठवडाभर मला 'साहेब'च्या ऐवजी 'भाई' म्हणायचा.

"अहो, अजून वेळ आहे. बाजारात जाऊन या," सुमन म्हणाली.

"सेम टू सेम येतंय," मी म्हणालो, आणि सोफ्याची खोळ बदलायला घेतली.

रविवारी अकरा वाजून वीस मिनिटांचा मुहूर्त. दहा वाजले, सामान नाही. साडेदहा झाले, सामान नाही. पावणेअकराला खाली गाडीचा हॉर्न वाजला. लिफ्ट नेहमीप्रमाणे कार्याच्या दिवशी बंद. दार उघडून बघतो तर जिन्यावरून सामान पोचवणारे पन्नाशीचे गृहस्थ धापा टाकत येत होते, आणि त्यांच्या दोन पिशव्या हातात घेऊन पुढे हरेश्वरभाऊ!

"हे दमलेले दिसले," ते म्हणाले. "तुमचंच सामान हाय ना? एक सुपारीसुदा लागनार नाय म्हनालात, म्हनून म्हटलं निदान वाहून तरी न्यावं."

मी पिशव्या घेऊन स्वयंपाकघराकडे सटकणार, तोच त्यांच्या मागोमाग आलेल्या आत्या चटईवर मांडी घालून बसल्या. "हितंच ठेवा. ताटं मीच लावते. वटी आमी भरायची नि नारळ तुमचा, ही नवीन रीत मला बघू तरी द्या."

खोलीत दोन्हीकडची मिळून पंचवीस माणसं होती. आत्यांनी पिशवीत हात घातला आणि पुठ्ठ्याचा एक चौकोनी डबा बाहेर काढला. मग दुसरा. असे पाच. प्रत्येकाच्या पाठीला एक बारीक नळी चिकटवलेली.

"हे काय?"

मी चष्मा लावून वाचलं. "शहाळ्याचं पाणी."

"नि नारळ?"

"आतलाच ऐवज आहे, आत्या. वरचं टरफल काढलेलं. तत्सम."

"पोरीच्या वटीत हे घालू? नळी लावून?"

हरेश्वरभाऊंनी मिशी पुसल्यासारखं करून तोंड झाकलं. आत्यांचा हात पुन्हा आत गेला. विड्याच्या पानांच्या जागी पालकाची जुडी निघाली.

"हिरवी आहेत," मी म्हणालो. "पानं आहेत."

"इडा पालकाचा लावता काय तुमच्याकडं?"

हळकुंडांच्या जागी हळदीचा फेसवॉश होता. मी म्हणालो, शेवटी हळद तोंडालाच लावायची असते. पेढ्यांच्या जागी व्यायाम करणाऱ्यांसाठीच्या कसल्यातरी वड्या होत्या. त्यावरचं मोठ्या अक्षरातलं निनादने न विचारता वाचून दाखवलं, "साखर अजिबात नाही." साखरपुड्याच्या दिवशी हे वाक्य किती लांब ऐकू जातं याची मला कल्पना नव्हती. आणि झेंडूच्या फुलांच्या जागी, देवाशपथ सांगतो, दोन किलो फ्लॉवर आला होता. चूक माझीच होती. घाईत झेंडू हा शब्द इंग्रजीत सापडेना म्हणून मी 'पिवळा फ्लॉवर' असं लिहिलं होतं. पिवळा संपला होता. त्यांनी पांढरा पाठवला.

"हार करायचा काय याचा?" आत्यांनी एक गड्डा हातात तोलून विचारलं. "नवरदेवाच्या गळ्यात घातला तं वाकंल तो."

माझ्याकडच्या माणसांनी माना खाली घातल्या होत्या. मेहुणा दत्ता मात्र मान वर करून बसला होता. त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी त्याच्या स्वतःच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

तरीही मी हटलो नाही. सुपारी आहे तोवर लग्न आहे, असा मी हिशेब केला. "ते सगळं सोडा, आत्या," मी म्हणालो. "मुख्य वस्तू बघा. सुपारी. मी स्वतः फोन करून सांगितलंय."

आत्यांनी तळातून पुड्यांची एक माळ ओढून काढली. चकचकीत, गुलाबी, पानटपरीवर टांगलेली असते तशी. एक पुडी फाडून त्यांनी ताटात ओतली. गुलाबाच्या वासाचा बारीक चुरा पडला.

आत्यांनी चिमूटभर चुरा बोटांवर घेऊन पाहिला.

"ही तं फुटलेली हाय," आत्या सावकाश म्हणाल्या.

"सुगंधी आहे," मी म्हणालो.

"आमी फोडायच्या आधीच फुटलेली हाय. सुपारी फुटली म्हंजे लगीन ठरलं. मग ही कुनासमोर फुटली? पोरीचं आधी कुठं ठरलं होतं काय?"

निनादने पुडी उचलून पाहिली आणि पाठीमागचं बारीक अक्षर हातानं झाकलं. (तिथे लिहिलं होतं, 'आरोग्यास अपायकारक'. जावई चांगला आहे हे मला त्या क्षणी कळलं.) आत्या गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागल्या. "हरेश्वर, मला हे बरं दिसत नाय. आज ऱ्हाऊ दे."

मी तोंड उघडलं. शब्द जिभेवर आलाच होता. तेवढ्यात आतल्या दारात उभी असलेली प्राजक्ता हळूच म्हणाली, "बाबा, आता तत्सम म्हणू नका."

नवी साडी, हातात मेंदी, आणि डोळ्यांत पाणी यायच्या बेतात. ही पोर चार वर्षांची असताना मी तिच्यासाठी जत्रेतून बाहुलीऐवजी तत्सम म्हणून प्लास्टिकचा हत्ती आणला होता. तेव्हाही तिने असंच पाहिलं होतं, आणि मग वर्षभर त्या हत्तीला फ्रॉक घालून खेळली होती. हत्तीवर भागलं, पण नवऱ्यावर भागवणं बरं नव्हे.

मी उठलो. पंचवीस माणसांसमोर हरेश्वरभाऊंच्या पुढे जाऊन बसलो आणि एकतीस वर्षांत कुठल्याही साहेबासमोर काढला नव्हता असा आवाज काढला.

"व्याहीबुवा, तुमच्याकडे एखादी सुपारी असेल का?"

हरेश्वरभाऊंनी घाई केली नाही. "एकसुदा लागनार नाय, असं कोन बोललेलं?"

"मी बोललो होतो."

"मग आता किती लागतील?"

"एक."

"हीच पायजे, का तत्सम चालंल?"

पहिली हसली ती प्राजक्ता. मग निनाद, मग सगळी खोली. हरेश्वरभाऊंनी सदऱ्याच्या खिशातून एक सुपारी काढली, घरच्या वाडीची, अखंड, सोललेली. ताटात ठेवली तेव्हा टणकन वाजली.

पण आत्या अजून उभ्याच होत्या. मी हात जोडून म्हणालो, "आत्या, तुमचं बरोबर होतं. आम्हा घाटावरच्यांना यातलं काही कळत नाही."

"हे आधी बोलायचं होतं," आत्या म्हणाल्या आणि खाली बसल्या. मग निनादकडे वळून, "जा, गाडीतलं पोतं घेऊन ये."

"कसलं पोतं?" हरेश्वरभाऊंनी विचारलं.

"नारळ, पानं, हळकुंडं, फुलं, समदं हाय. तू नको म्हनालास तरी मी भरलं. म्हटलं, घाटावरच्यांचा काय भरवसा?"

त्या बाईंच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जो आनंद होता, तो भाच्याच्या लग्नाचा होता की स्वतःचं म्हणणं खरं ठरल्याचा, हे मी अजूनही सांगू शकत नाही. पण मुहूर्त चुकला नाही. सुपारी फुटली, तीही पहिल्याच घावात. पाहुण्यांना जेवणात पालकाची भजी आणि फ्लॉवरचा रस्सा होता. आत्यांनी दोनदा मागून घेतला आणि जाताना सुमनला म्हणाल्या, "भाजी झ्याक मागवलीत हो."

हरेश्वरभाऊ जिना उतरताना मागे वळून म्हणाले, "लग्नाच्या दिवशी नवरदेवाला यायला जमलं नाय, तं तत्सम पाठवू काय?"

गेल्या आठवड्यात लग्नाच्या तयारीची यादी झाली. कामं वाटून देणारी सुमनच. कागद मी हळूच पाहिला. तिसऱ्या ओळीत तिच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: 'सामान आणणे – मुलीचे वडील किंवा तत्सम.' त्यातले 'मुलीचे वडील' खोडलेले होते, आणि 'तत्सम'पुढे कंसात दत्ताचं नाव होतं.