लगतदाराची सही

मोजणीकाका रस्त्याची एका वेळी एकच बाजू बघत. जाताना डावी. मग रस्त्याच्या टोकाला वळून परत यायचं आणि उरलेली बाजू येताना बघायची. पाचशे पावलांच्या रस्त्याला हजार पावलं. ब्रिस्टलसारख्या चढउतारांच्या गावात सत्तरी ओलांडलेल्या माणसाने हा उपद्व्याप कशाला करावा, असं मला वाटलं आणि मी ते तोंडावर विचारलंही. "दोन्ही बाजू एकदम पाहिल्या ना ताई, तर एकही पाहून होत नाही," ते म्हणाले. मला हे वाक्य इतकं आवडलं की ऑफिसात मी ते दोघातिघांना इंग्रजीत करून ऐकवलं. आता त्याची लाज वाटते.

मोजणीकाका हे नाव मीच ठेवलेलं. भूमी अभिलेख खात्यात चौतीस वर्षं त्यांनी नागपूरच्या आसपासची गावं मोजली होती. त्यांचा मुलगा प्रशांत आमचा शेजारी, घराच्या भिंतीला भिंत लागून. तो विमानांच्या कारखान्यात इंजिनियर. आई गेल्यावर त्याने वडिलांना सहा महिन्यांच्या व्हिसावर आणलं. मुलगा-सून कामाला गेली की घरात काका आणि टीव्ही. आठवड्याभरातच काकांनी टीव्हीला रामराम ठोकला आणि गावात जाणारी बस शोधून काढली. प्रशांत रविवारी गाडी काढायचा, "बाबा, चला, आज बाथ शहर करू," म्हणायचा. काका मुकाट्याने जात, फोटोला उभे राहत, परत येत. "पोरगा दाखवते बिचारा," ते म्हणत, "पण पाहायला एकटंच जावं लागते. मोजणीत बोललं की आकडा चुकते."

त्यांच्याजवळ नागपूरहून आणलेली निळ्या पुठ्ठ्याची लांबट वही होती. पाऊल अडीच फुटांचं, असा त्यांचा स्वतःवर विश्वास. रस्ता पावलांनी मोजायचा, पेन्सिलीने काढायचा, वळणं, कमानी, पायऱ्या दाखवायच्या आणि बाजूला शेरा लिहायचा. कॉर्न स्ट्रीटच्या जुन्या घड्याळाला मिनिटकाटे दोन आहेत, एक गावच्या वेळेचा आणि एक लंडनच्या. त्यावर काकांचा शेरा: 'लंडनची वेळ लागू झाली, तरी गावाने आपली दहा मिनिटे सोडलेली नाहीत.' जुन्या वेशीवर चर्च बांधलंय, त्याच्या पोटाखालून रस्ता जातो. तिथे शेरा: 'देवळाखालून वहिवाट. देवाची हरकत दिसत नाही.' मी इथे अकरा वर्षं राहते. त्या घड्याळाखाली उभी राहून मी शेकडो वेळा फोनवर बोलले असेन, पण काटे कधी मोजले नव्हते.

गुरुवारी मी ऑफिसला जायची आणि परतीची बस आम्हाला एकच मिळायची. तेव्हा ते वही माझ्या मांडीवर ठेवत. "सही करा." मोजणी करायची तर शेजारच्या जमीनवाल्याला, म्हणजे लगतदाराला, आधी नोटीस द्यायची, समोर उभं करायचं आणि शेवटी त्याची सही घ्यायची, हा त्यांचा शिरस्ता. त्याशिवाय कागद त्यांना कच्चा वाटे. "अहो, पण हा रस्ता कुठे माझ्या शेताला लागून आहे?" मी म्हटलं. "तुमची भिंत आमच्या भिंतीला लागून आहे ना? मग तुम्हीच लगतदार." मी हसत सही ठोकायची. वाचायची नाही. फोनवर अटी मान्य करताना तरी आपण कुठे वाचतो!

पण खरा ध्यास होता गावकोसाचा. जुन्या ब्रिस्टलभोवती पूर्वी तटबंदी होती. आता त्या वेशीखेरीज तिचं फारसं काही दिसत नाही. काकांना ती पूर्ण फेरी कागदावर हवी होती. "भिंत पाडता येते, हद्द नाही मोडत," ते म्हणत. "गल्लीला वाक कुठून आला, ते पाहा." वाकड्या बोळांतून ते त्या नाहीशा भिंतीमागे चालत राहत. एकदा मी विचारलं, काका, परक्या गावाच्या हद्दीचं तुम्हाला एवढं काय पडलंय? ते म्हणाले, "आमच्या सात पिढ्यांत कोणाच्या नावावर बांध नव्हता, ताई. मी साहेब होऊन लोकांचे बांध मोजले. तरी एकेका गावात पाणी वरून ओतत. इथे मी दिवसभर फिरून राहिलो, कोणी विचारत नाही, काहून आले, कोणाचे तुम्ही. एक गाव तरी पुरं चालून काढू द्या." माझ्या पुण्याच्या आजोळी पाणी वरून ओतणारे हात मी पाहिलेले आहेत.

मार्चमधली गोष्ट. दुपारच्या सुट्टीत ते मला बाजाराजवळच्या बाकावर दिसले, म्हणून जाऊन शेजारी बसले. त्यांच्या उजव्या हाताला. दोन-तीन मिनिटं गेली तरी माणूस बोलेना. रागावले की काय, म्हणून मी "काका" म्हटलं, तर दचकून त्यांच्या हातातली पेन्सिल पडली. "तुम्ही केव्हा आलात?" पेन्सिल त्यांच्या उजव्या बुटापाशीच होती. ते ती डाव्या बाजूला चाचपडत राहिले. मी ती उचलून दिली आणि त्या क्षणी मला ती हजार पावलं कळली.

त्यांनी लपवाछपवी केली नाही. काचबिंदू. उजवा डोळा नागपुरातच गेला होता, डावा कडेकडेने मिटत चालला होता. गेलेलं परत येत नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. थेंबाची बाटली दाढीच्या सामानात दडवलेली. प्रशांतला वाटे, नुसता चष्म्याचा नंबर वाढलाय. "त्याला कळलं, तर मले खुर्चीत बसवून ठेवेल," ते म्हणाले. "प्रेमानंच बसवेल. पण बसवेल. चौथा हिस्सा राहिला आहे गावकोसाचा. एक महिना द्या. मग मीच सांगतो त्याला. शब्द द्या, ताई."

मी शब्द दिला. त्यांचा मान राखावा, असं वाटलं, हे खरं. पण दुसरंही खरं आहे. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसू नये, ही लहानपणापासूनची शिकवण मला त्या दिवशी फार सोयीची पडली. प्रशांतसमोर बसून कठीण गोष्ट सांगायची, काकांच्या मनातून उतरायचं, हे दोन्ही त्यामुळे टळलं. शिवाय त्यांचं गुपित फक्त मला ठाऊक आहे, याचा मला थोडा गर्वही होता. निदान मी त्यांच्याबरोबर चालायला हवं होतं. एकदा मी तसं म्हटलं, तर ते नको म्हणाले आणि मी लगेच ऐकलं.

त्यानंतर सही करताना मी शेरे वाचू लागले. खोटं बोलतील, पण कागदावर खोटं लिहिणार नाहीत, असा तो माणूस. नव्या पानांवर रस्त्याची उजवी कड सलग रेघेने नव्हे, तुटक रेघेने काढलेली असे, आणि स्वच्छ अक्षरात: 'उजवी बाजू दिसत नाही. परतीच्या फेरीत मोजली.' मग: 'डावीकडीलही वरचा भाग दिसत नाही.' त्याखाली 'लगतदार', आणि त्याखाली मी. अशी सहा पानं झाली. वही प्रशांतच्या डायनिंग टेबलावर पडलेली असायची. "बाबांचा टाइमपास" म्हणून तिला कुणी हात लावत नसे.

महिना संपायला चार दिवस राहिले होते. काका रस्ता ओलांडत असताना उजवीकडून एक भाड्याची, उभं राहून चालवायची विजेची स्कूटर आली. तिला आवाज नसतो. चालवणारी मुलगी ओरडली म्हणे, पण तोवर उशीर झाला होता. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, मग छातीत कफ साठला. मी भेटायला गेले तेव्हा प्रशांत बाहेर नर्सशी बोलत होता. मी मुद्दाम डाव्या बाजूला उभी राहिले. काकांनी माझा हात धरला. "चाळीस-पन्नासच पावलं राहिली," ते म्हणाले. मग दाराकडे कानोसा घेऊन, "सांगितलं नाही ना?" मी म्हटलं, नाही. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान पसरलं की दारातून आत आलेल्या प्रशांतला वाटलं, बाबांना बरं वाटतंय. आठ दिवसांनी ते गेले.

इथल्या स्मशानात अर्ध्या तासाची वेळ मिळते. रेडिंग आणि स्विंडनहून माणसं आली होती. सगळ्यांनी मिळून त्रिसरण-पंचशील म्हटलं, जय भीम झालं, आणि बाहेर पुढच्या प्रेताची गाडी येऊन उभी राहिली.

नंतरच्या रविवारी प्रशांत वही घेऊन आला. आत ये म्हटलं तरी उंबऱ्यातच उभा राहिला. त्याने एक पान उघडून माझ्यासमोर धरलं.

"ताई, ही साइन तुमची आहे ना?"

"हो."

"याच्यावर काय लिहिलंय, ते तुम्ही वाचलं होतं?"

खोटं बोलायची एक फट होती. बसमध्ये घाईत केली, न वाचता केली, असं म्हणता आलं असतं, आणि आधीच्या सह्यांपुरतं ते खरंही होतं. "वाचलं होतं," मी म्हणाले. "त्यांनी शब्द घेतला होता माझा."

"मी इथेच होतो ना, ताई. वॉलच्या पलीकडे. एकदा नॉक केलं असतं तरी..." वही तुझ्याच टेबलावर होती रे, हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. ते मी गिळलं. आधी मी बोलायचं ते बोलले नाही आणि ते चुकलं. हे बोलले नाही, ते तरी बरोबर केलं की नाही, मला ठरवता येत नाही.

जुलैत प्रशांतने घर विकलं आणि बेसिंगस्टोकला नोकरी धरून ती दोघं नवरा-बायको गेली. निरोपाला कुणी आलं नाही. सामानाची गाडी हलल्यावर आमच्या दाराच्या पत्रपेटीचं झाकण वाजलं. पायपुसण्यावर निळ्या पुठ्ठ्याची वही पडली होती.

मी ती जिन्यात बसून पहिल्यापासून वाचली. घड्याळाचे दोन काटे, देवळाखालची वहिवाट, वाकडे बोळ, तुटक रेघा, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी माझी सही. शेवटचं पान मात्र नव्हतं. पट्टी लावून, जपून कापलेलं होतं. गावकोसाची ती राहिलेली चाळीस-पन्नास पावलं ज्यावर यायची होती, ते अर्धवट पान. त्याच्यावर सही घ्यायला काका परत आलेच नव्हते. वहीतलं माझी सही नसलेलं तेवढं एक पान होतं, आणि तेवढंच प्रशांतने ठेवून घेतलं.