काळीनं उबवलेले फिरंगी

वलवणला धरणाच्या अंगाला एका शेठचा बंगला आहे. मागच्या कोपऱ्यात पत्र्याची खोली, तिला टेकून कोंबड्यांचं खुराडं. ती सगळी जमीन एकेकाळी धोंडाबाईच्या घरची. नवरा, अंबाजी, ती विकून मोकळा झाला आणि चार वर्षांत वरही गेला. व्यवहारात एवढंच ठरलं होतं, की बायको हयात असेतो त्या खोलीत राहील, बंगला झाडेल आणि आपल्या कोंबड्या पाळेल. लेखी काही नाही, शेठचा शब्द. धोंडाबाईचा शब्दांवर विश्वास नव्हताच, पण दुसरं होतं काय तिच्याकडं?

तीन वर्षांमागं शेठनं वीस गिनी फाउल आणले. अंगभर पांढरे ठिपके, डोकं टकलं, मूळची आफ्रिकेची. ही पाखरं साप मारतात, चोर आला की ओरडतात, असं कुणीतरी त्याच्या कानात भरवलेलं. चोर आल्यावर ओरडतात म्हणे! ही तर उजाडल्यापासून करवतीनं पत्रा कापावा तशी बोंबलायची. धोंडाबाईनं पहिल्याच दिवशी त्यांना नाव ठेवलं, फिरंगी.

"मेल्यांनो, गिळायचं बी हितंच आन बोंबलायचं बी हितंच व्हय?"

पाखरांवर देखरेख करायला मॅनेजर होता, सार्थक नावाचा, पुण्याचा. पोरगा वाईट नव्हता म्हणावं, तर तसंही नाही. सगळं मोबाइलमध्ये बघून बोलायचा आणि साठीच्या बाईला "ए बाई" म्हणायचा.

पावसाळा लागला आणि फिरंग्यांची पिल्लं पटापटा मरायला लागली. सार्थकनं औषधं आणली, दाणा बदलला. कारण धोंडाबाईला ओट्यावरनं दिसत होतं. फिरंगीण आई म्हणून अगदीच बिनडोक. तिच्या मुलखात असेल कोरडं रान. इथं ती गुडघाभर ओल्या गवतातनं तरातरा पुढं जायची आणि बोटाएवढी पिल्लं मागं भिजत, कुडकुडत राहायची. संध्याकाळी मोजावीत तर चार कमी. गावठी कोंबडी मात्र ढग भरून आला की पिल्लं पंखाखाली घेऊन वळचणीला बसते.

"माजी कोंबडी खुडूक झालीया, उबवाया तिच्याखाली ठिव अंडी," ती एकदा न राहवून म्हणाली. त्यानं ऐकलं आणि तिथंच तिची चूक झाली. तिनं सहा अंडी कोंबडीची, सहा फिरंग्यांची, अशी एकत्र मांडली. जन्मभर एकवीस दिवस मोजलेली बाई ती. फिरंग्यांना अठ्ठावीस लागतात हे तिला कोण सांगणार? एकविसाव्या दिवशी आपली पिल्लं निघाल्याबरोबर कोंबडी उठली, ती परत बसलीच नाही. उरलेली सहा गार पडली.

"मुद्दाम केलंस तू," सार्थक म्हणाला. "आमचे पक्षी जगायला नकोत तुला."

नकोतच होते! पण अंड्याशी वैर धरणारी बाई नव्हती ती. तो आळ तिच्या काळजात काट्यासारखा रुतून बसला. पुढच्या वर्षी तिनं आपली सगळ्यात हट्टी कोंबडी, काळी, निवडली. तिच्याखाली नुसती फिरंग्यांची तेरा अंडी ठेवली आणि अठ्ठावीस दिवस तिला दाणापाणी हातानं दिलं. अकरा पिल्लं निघाली, अकराच्या अकरा जगली.

दिवाळीत बंगल्याच्या फाटकावर बोर्ड लागला : मावळच्या हवामानात रुजलेले आफ्रिकन पक्षी. खाली सार्थकचा फोटो. आणि महिन्याभरात निरोप आला, की गावठी कोंबड्यांनी रोगराई पसरते, त्या हलवा. खोलीही दाणा ठेवायला हवी.

"शेठचा शब्द व्हता!"

"कुठं लिहिलंय?" सार्थकनं विचारलं.

धोंडाबाईनं नऊ कोंबड्या दोन डालग्यांत भरल्या आणि लोहगडवाडीला बहिणीकडं आली. बहीण गडावर जाणाऱ्यांना झुणका-भाकरी विकायची. धोंडाबाई भाकऱ्या थापायची आणि प्रत्येक भाकरीबरोबर सार्थकला एक शिवी द्यायची.

यंदा आषाढात, भर दुपारी, टपरीपुढं मोटरसायकल थांबली. सार्थक नखशिखांत भिजलेला, पण रेनकोट त्यानं पोटाशी धरलेल्या खोक्याभोवती गुंडाळलेला.

"मावशी," तो म्हणाला. आज मावशी! "पिल्लं सगळी गेली. ही शेवटची बारा अंडी. पंधरा दिवस मादी बसली होती त्यांच्यावर, आज पावसात उठून गेली."

धोंडाबाईनं हात पुसले. एक अंडं उचलून मिटल्या पापणीला लावलं.

"हाईत अजून जित्ती," ती म्हणाली आणि अंडं खोक्यात ठेवून दिलं. मागं, चुलीच्या उबेला, काळी खुडूक बसलेली त्यालाही दिसत होती.

"घ्या ना मग!"

"खोली."

"सरांना विचारावं लागेल."

"इचार की. तवर गार हुतील."

त्यानं फोन लावला. शेठनं उचलला नाही. पुन्हा लावला. पाऊस पत्र्यावर कोसळत होता आणि धोंडाबाई शांतपणे पीठ मळत होती. तिसऱ्यांदा शेठ मिळाला. सार्थक वळून, दबक्या आवाजात बरंच बोलला.

"देतो म्हणाले. शब्द दिलाय."

"शब्द नगं. कागुद आण, सही आण. ह्या डाव्या हातानं कागुद घीन, उजव्या हातानं पिल्लं दीन." आणि तिनं अंडी एकेक करून काळीच्या पोटाखाली सरकवली.

तेराव्या दिवशी दहा पिल्लं निघाली. चौदाव्या दिवशी सार्थक शेठच्या सहीचा स्टॅम्प पेपर आणि खोलीची किल्ली घेऊन आला. धोंडाबाईनं बहिणीच्या नातीकडनं कागद दोनदा वाचून घेतला, मग घडी घालून चोळीत ठेवला.

वलवणला फाटकात डालगं उघडलं. सार्थकनं दाणे टाकून पिल्लांना बोलावलं, टाळ्या वाजवल्या. एकही वळलं नाही. पिसं फुलवून काळी आपल्या जुन्या खुराड्याकडं निघाली आणि दहाही फिरंगी तिच्यामागं.

"मावशी, जगतील ना ही?" त्यानं विचारलं.

"माजी कोंबडी हितं हाय तवर जगतील," धोंडाबाई म्हणाली. "आन आदी त्यो बोर्ड काड."