प्रार्थनेच्या पुस्तकातली दोन पानं

नोकरीतले बरेच गुन्हे आता पुसट झाले आहेत, पण मिरजेतली एक चोरी अजून मनातून जात नाही.

मी तेव्हा तिथे सहायक निरीक्षक होतो. एक निवृत्त नर्स ठाण्यात आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, बेने इस्राएल समाजातल्या, म्हणजे आपल्याकडचे मराठी बोलणारे ज्यू. एकट्याच राहायच्या. त्यांच्या घरातून हिब्रू प्रार्थनेचं पुस्तक गेलं होतं. परदेशात छापलेलं, दोनशे वर्षांहून जुनं, चामडी बांधणीचं. अंमलदाराने वर्णन लिहून घेतलं. त्या आठवड्यात बंदोबस्ताची धावपळ होती, आणि चोरी काय तर पुस्तकाची. मी कागद बाजूला ठेवला. चार दिवस काहीच केलं नाही.

पाचव्या दिवशी सांगलीतल्या एका जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याने फोनवर खबर दिली. एक सुतार अनोळखी लिपीतल्या पुस्तकाचे फोटो मोबाईलवर दाखवत फिरत होता. बाईंना विचारलं, तर कपाटाचं दार बसवायला उंब्रजचा एक सुतार येऊन गेला होता. त्याच दुपारी आम्ही त्याला उंब्रजहून पुस्तकासकट आणलं.

पुस्तक आजोबांचं आहे, एवढंच तो सांगत राहिला. धमकावून उपयोग नव्हता. मी ते त्याच्या हातात दिलं आणि पहिलं पान काढायला सांगितलं. त्याने आपल्या पुस्तकासारखं डावीकडून उघडलं. हिब्रू उजवीकडून वाचतात. मी त्या बाजूने उघडून दाखवलं. सुरुवातीची दोन पानं फाडलेली होती.

तो म्हणाला, "त्येच्यावर नावं लिवली हुती, सायेब. नावावरनं धरत्याल म्हनून फाडली. काल बंबात घातली."

काल.

मुद्देमाल ओळखायला बाईंना बोलावलं. फाटलेल्या कडेवरून त्या बोट फिरवत राहिल्या. त्यांनी सांगितलं, सगळ्यात वर कुणा परदेशी मालकाचं हिब्रूतलं नाव होतं, त्याखाली पणजोबांचं मोडीतलं, मग घरातले जन्म आणि मृत्यू. बरीच नावं त्यांना पाठ होती. शेवटी हळूच म्हणाल्या, "माझी मुलगी अकरा दिवस जगली. फोटो नाही, दाखला काढायचा राहून गेला. तिचं नाव मी फक्त तिथेच लिहिलं होतं."

मी पुरवणी जबाबात सगळी नावं एकाखाली एक लिहून घेतली. तपासाला त्यांची गरज नव्हती. मुलीचं नाव बाईंनी दोनदा वाचलं, मग सही केली.

"साहेब, हा कागद तुमच्याकडे किती वर्षं राहतो?"

मुदत संपली की जुने कागद नष्ट करतात. मी म्हणालो, "राहतो."

सुताराला शिक्षा झाली. पुस्तक कोर्टाच्या आदेशाने बाईंना परत मिळालं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत प्रत्येक फिर्याद घेताना, गेलेल्या वस्तूत तुमचं काय होतं, हे मी आधी विचारत आलो. बाईंना ते पहिल्या दिवशी विचारलं असतं, तर मी चार दिवस थांबलो नसतो.